गर्दीतला चेहरा

कुरामोचीसरांच्या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, खेळ हरणाऱ्याची सावली राक्षस कापून नेतो. बघ्यांची गर्दी काढायचं आणि सावल्या काळ्या शाईनं भरायचं काम त्यांच्या मदतनीस चिगुसाचं. गर्दीत ओळखीचे चेहरे गमतीनं घुसडायची मदतनिसांची जुनी खोड. या वेळी तिनं स्वतःचाच घुसडला.

आजच्या पानावर मात्र राक्षसानं डाव मांडायला गर्दीतल्याच एकाला ओढलं होतं, आणि तो हरला होता. कच्च्या आराखड्यात सरांनी त्याच्या जागी फुली मारली होती. नेमक्या तिथेच चिगुसानं आपला चेहरा काढला होता.

तिनं ब्रश उचलला. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. टेबलावर दौतीची सावली होती, ब्रशचीही होती. हाताची नव्हती.

"सर... जरा बघता का?"

सरांनी तिचा हात पाहिला, मग पान पाहिलं.

"वेडाबाई! हरणाऱ्याच्या जागी कुणी स्वतःला उभं करतं का? सरक बघू."

कोपरानं पान झाकून त्यांनी पांढऱ्या शाईनं तिचा चेहरा बुजवला आणि तिथे दुसरा काढला.

"ती जागा रिकामी ठेवून चालत नाही," ते पुटपुटले.

तिच्या बोटांखाली सावली हळूहळू उमटली. चिगुसाला रडूच फुटलं.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी डोळे पूस, पान भिजेल. मी चहा आणतो."

थोड्या वेळानं मागे पावलं वाजली. तिनं भरल्या मनानं मान लववली.

टेबलावरच्या उन्हात दोन पेल्यांच्या सावल्या अलगद सरकत आल्या. पेले धरणाऱ्या हातांची सावली नव्हती.