घड्याळजीची दुखणी

शरीरातले अवयव संपत आले, तसा घड्याळजी बेचैन झाला. कान झाला होता, गुडघे झाले होते, मूत्रपिंडं झाली होती. काल तर त्यानं केस गळतात अशी तक्रार केली होती, डोक्यावर एकही केस नसताना. मुळीबाईनं त्याच्या टकलाकडे एकवार नीट पाहिलं आणि जटामांसीची जुडी पुढ्यात ठेवली.

"बघा, हुबेहूब जटा. जी वनस्पती ज्या अवयवासारखी दिसते, ती त्याच अवयवाचं औषध. जुन्या माणसांचा हा हिशेब आहे."

मुळीबाईचं झाडपाल्याचं दुकान घड्याळजीच्या दुकानासमोर होतं. मुळ्या विकते म्हणून गल्ली तिला मुळीबाई म्हणे. ती मुळीच हसत नाही, अशीही तिची ख्याती होती. घड्याळजी गल्लीत नवा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा-सून चांगली होती, पण आपापल्या कामात. तो दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं वेळेवर आणत बसे. एकदा भिंग काढून त्यानं सहज समोर पाहिलं. बाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढत होती. त्याच दिवशी त्याचा कान दुखायला लागला.

कानासाठी तिनं गोकर्णाचं फूल दाखवलं. गायीच्या कानासारखं. गुडघ्यांसाठी कांडवेल, हाडाला हाड जोडावं तशी सांध्यासांध्यांची. बाई अगदी गंभीर चेहऱ्यानं सगळं सांगे आणि तो बाकावर बसून ऐकत राही. मग ती पडद्यामागे जाऊन खलात काहीतरी कुटे आणि पुडी बांधून देई. तो ती कपाळाला लावून घेऊन जाई आणि तुटक्या स्प्रिंगांच्या खणात टाके. औषधाचा त्याला लहानपणापासून धसका होता.

सुनेला मात्र काळजी लागली. "बाबा, रोज नवं काय दुखतंय तुमचं?" म्हणत तिनं त्याला दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या करवल्या. रिपोर्ट उत्तम आले. ते बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

आज विसराळूपणाची पाळी होती. अक्रोड फोडला की आत छोटा मेंदूच दिसतो, त्यामुळे निदान तासभर गप्पा होतील, असा त्याचा अंदाज होता. वाक्यंही त्यानं पाठ केली होती. दुकानात शिरला तर बाई बरण्या पुसून खोक्यात भरत होती.

"दुकान बंद करतेय, घड्याळजी. धाकट्या बहिणीकडे जातेय, कायमची. बसा. आज काय दुखतंय?"

विसराळूपणाची तक्रार तो साफ विसरला. हात आपोआप छातीवर गेला.

बाईनं खिडकीतल्या गुळवेलीचं एक पान खुडलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "बदामाचा आकार आहे. हृदयाचं औषध." आणि ती पडद्याकडे वळली.

"थांबा, बाई. पुडी नको."

ती थांबली. घड्याळजी पानाकडे बघत राहिला.

"माझं काहीच दुखत नाही. कधी दुखलंच नाही. तुमची एकही पुडी मी खाल्लेली नाही, सगळ्या खणात पडल्यात. मी आपला तुम्हाला भेटायला येत होतो. तुम्ही गेलात तर..." आता बाई झाडू घेऊन आपल्याला हाकलणार, अशी त्यानं मनाची तयारी केली.

बाईनं हातातलं फडकं नीट घडी करून बाजूला ठेवलं.

"पुड्या खाल्ल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पहिली कानाची होती. ती कानात घालायची की पोटात घ्यायची, हे तुम्ही विचारलंच नाहीत. खरा आजारी माणूस आधी पथ्य विचारतो. म्हणून नंतरच्या सगळ्या मी सोनामुखीच्या दिल्या."

"सोनामुखी? म्हणजे जुलाबाची?"

"एक जरी खाल्ली असतीत, तर दुसऱ्या दिवशी या बाकावर तास तास बसू शकला नसतात."

घड्याळजी बाकाकडे बघत राहिला. रोज किती वेळ आपण तिथे ठाण मांडून बसलो, हे आठवून त्याचे कान लाल झाले. मग त्याची नजर खोक्यांकडे गेली आणि चेहरा पुन्हा पडला.

"पण आता तुम्ही बहिणीकडे चाललात."

गल्लीत कुणी कधी पाहिलं नव्हतं, तशी मुळीबाई हसली. तिनं खोक्यातली एक बरणी उचलून परत फळीवर ठेवली.

"मला कुठे बहीण आहे?"