पाण्याची बाजू खाली

लेकीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि आज तिसरा नान उलट्या धरलेल्या पॅनमधून सुटून थेट जाळावर पडला.

दादांनी घाईघाईने गॅस बंद केला. चिमट्याने नान उचलला. एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चं पीठ.

"दादा, हा नान आहे की पुस्तकाचा पुठ्ठा?" धाकटी बहीण दारातूनच म्हणाली. ती खालच्याच मजल्यावर राहायची. जळका वास आला की जिना चढून यायची, आणि अलीकडे तिच्या खेपा वाढल्या होत्या. "सोनेरी अक्षरांत नाव छापून घे यावर. शोभून दिसेल."

दादा हसले नाहीत. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावरही कुणाकुणाची पुस्तकं तपासायला घरी येत, आणि ती ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तपासत. तिथे उजेड चांगला होता. हाताच्या अंतरावर बायको स्वयंपाक करायची. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. दुखणं तिने अंगावर काढलं. घरात कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

मग लेकीचं पत्र आलं. फोनवर दोघांनाही धड बोलता येत नसे, बापलेक पत्रातच मोकळे होत. तिने लिहिलं होतं, "बाबा, आई पॅनमध्ये नान करायची तसे मला काही केल्या जमत नाहीत. मुलं खातात, पण मलाच घास उतरत नाही. तुम्ही रोज तिच्याशेजारी बसायचात. ती नेमकं काय करायची? आठवत नसेल तर तसं लिहा, पण गप्प बसू नका."

दादा गप्प बसले होते. 'मला माहीत नाही' एवढंच एकदा लिहिलं आणि फाडून टाकलं. शेजारी बसून आपण कधी मान वर करून पाहिलंच नाही, हे लेकीला कोणत्या तोंडाने कळवायचं? त्यापेक्षा आपणच शिकावं आणि मग लिहावं, असं ठरवून त्यांनी पीठ भिजवायला घेतलं होतं. पण तिच्यासारखा एकही उतरत नव्हता. पत्र टेबलावर तसंच होतं. लेकीने पुन्हा काही विचारलं नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

"पॅन उलटा कशाला करतोस पण?" बहिणीने विचारलं. "झाकण ठेव, आपोआप भाजेल."

"ती उलटा करायची. म्हणजे... तसं म्हणायची."

"कोण, वहिनी? ओट्याशी उभी राहिली की एक अक्षर बोलायची नाही ती. मी इथे बसून तासभर बडबडायचे, तर नुसती मान हलवायची."

"शेवटी शेवटी बोलायला लागली होती," दादा म्हणाले. "स्वतःशीच पुटपुटायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, अगं, जरा हळू, माझी ओळ चुकते."

"काय पुटपुटायची?"

दादा सांगायला लागले आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कान आपलं काम करत राहिले होते. तिचा आवाज ओळीने येत गेला. दही फार आंबट नको. पीठ सैलच ठेवायचं, हाताला चिकटेल इतकं. लाटून झालं की एका बाजूला पाणी फासायचं. पाण्याची बाजू खाली, तापलेल्या पॅनला घट्ट चिकटते. वर फुगे आले की पॅन जाळावर उलटा धरायचा. घाबरायचं नाही. पडत नाही.

"पाणी!" दादा म्हणाले. "पाणी राहिलं."

त्यांनी नवा गोळा लाटला. पाणी फासलं. पॅनमध्ये टाकला तेव्हा चर्र झालं. फुगे आले. दादांनी श्वास रोखून लांब दांड्याचा तो लोखंडी पॅन उलटा केला. नान जागचा हलला नाही. डाग पडत गेले, वास सुटला, तोच वास. उलथन्याने सोडवून त्यांनी तो ताटलीत ठेवला आणि लहान मुलासारखं बहिणीकडे पाहिलं.

तिने एक घास तोडला. चावता चावता थांबली. तोंडावरचं हसू गेलं.

"दादा, ती स्वतःशी कशाला बोलेल? तिला तर येतच होते ना नान. आणि घाबरायचं नाही म्हणे! जाळाला घाबरतं कोण या घरात, ती की तू?"

दादा खुर्चीवर बसले. नेहमीच्याच खुर्चीवर. इथून ओटा किती स्वच्छ दिसतो, हे त्यांना आज समजलं. ती तेव्हा पाठमोरी नसायची, हे कागदावरून मान न उचलताही डोळ्यांच्या कडेला दिसत असायचं, तेही आठवलं. पॅन हातात घेऊन जरा वळून उभी राहायची, टेबलाकडे तोंड करून.

बहीण डोळ्यांना पदर लावून खाली गेली. दादांनी पिठाचे हात धुतले आणि कागद ओढला. एकेक वाक्य लिहिलं, तिने म्हटलं तसंच. कुठे खाडाखोड केली नाही. शेवटी, जिथे ते नेहमी नुसतं 'तुझा बाबा' लिहीत, तिथे त्यांनी आधी एक ओळ घातली:

"हे सगळं तुझ्या आईने सांगितलं. मला सांगत होती."

आणि दुपारचं टपाल निघायच्या आत ते पत्र पेटीत टाकून आले.