पाचऐवजी सहा

“अहो, असा फुकटात वजीर कुणी देतं का?” पटाकडे बघत शालननं विचारलं.

वाकोड्यांनी पोस्टकार्ड पुन्हा वाचलं. टपालानं खेळायच्या बुद्धिबळात चाल आकड्यांत लिहितात. सोनवलकर सरांना शेवटी पाच लिहायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. लिहिलं होतं सहा. त्या एका घरानं सरांचा वजीर थेट वाकोड्यांच्या प्याद्याच्या तोंडी आला होता.

“हात चुकला असेल त्यांचा. विचारून तरी बघा.”

“लिहिलेली चाल बदलता येत नाही. नियम आहे तसा,” म्हणत त्यांनी वजीर मारला. तिच्याकडे न बघता.

पुढच्याच कार्डावर सरांनी डाव सोडला. राज्याच्या माजी विजेत्याला हरवलं म्हणून क्लबात वाकोड्यांचा सत्कार झाला. डोकं दुखतंय सांगून शालन घरीच राहिली.

शाल काढून ठेवतात तोच सरांचा फोन आला. ऐकायला कमी येतं म्हणून वाकोड्यांनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

“अभिनंदन! आकडा माझाच चुकला हो. नजर अधू झाल्यापासून सगळे मला प्रत्येक चालीला विचारतात, ‘सर, नक्की ना?’ लहान मुलाला विचारावं तसं. तुम्ही एकट्यानंच मला अजून खेळाडू मानलंत. फार बरं वाटलं.”

वाकोडे काढून ठेवलेल्या शालीची घडी घालू लागले.

“हॅलो? वाकोडे, ऐकताय ना?”

“बोला की,” शालन हळूच म्हणाली. “सांगा त्यांना, नियम आहे तसा.”