पिवळी दोरी

आम्ही सगळे यंत्रांत मुरलेले इंजिनिअर. चाळिशीत मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर वर्गात येऊन बसलेले. एके दिवशी मॅडमनी वर्ग थेट पंपांच्या कारखान्यात नेला. "इथलं सगळ्यात जबरदस्त यंत्र शोधा," एवढंच म्हणाल्या. आम्ही रोबोटसमोर घुटमळत होतो, तेवढ्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या कामाला नव्याने लागलेल्या एका मुलीने डोक्यावर लटकणारी पिवळी दोरी ओढली. अख्खा कारखाना थांबला. इतकी शांतता, की स्वतःचा श्वास ऐकू यावा. "पंपाला तडा गेलाय," ती कशीबशी म्हणाली. धिप्पाड सुपरवायझर आला. त्याने पंप दिव्याखाली धरला, त्यावरून अंगठा फिरवला, आणि तडा अंगठ्याला चिकटून वर आला. केस होता तो! मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "गेली हिची नोकरी," माझ्या शेजारचा पुटपुटला. माझ्या कारखान्यात मीही तिला सोलून काढलं असतं. सुपरवायझरने मात्र फुंकर मारून केस उडवला. "बरं केलंस, पोरी. पुन्हा शंका आली, तर पुन्हा ओढ." कुणीही हसलं नाही. "अहो, पण तडा नव्हताच ना!" मी न राहवून म्हणालो. तो माझ्याकडे वळला. "आज हसलो, तर खरा तडा दिसेल त्या दिवशी तिचा हात वर जाईल का, साहेब?" पट्टा पुन्हा सरकू लागला. रोबोट कामाला लागले, पण त्यांच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. दोरी अजून हलत होती, आणि आम्ही सगळे मान वर करून तिच्याकडे बघत होतो.