तिन्हीसांजेची गोळी

“उद्या मी घरी जायचं म्हणू लागलो, तर गोळी देऊ नकोस, शरयू. माझ्याबरोबर चाल,” अच्युतराव काल म्हणाले होते.

ती गोळी घेतली की शरीरातलं घड्याळ मागे फिरायचं आणि त्यांचा विसरभोळा मेंदू तिन्हीसांजेला तासभर जागा व्हायचा. मग ते बायकोला नावाने हाक मारायचे. ती हाक ऐकूनच जेवायचं, असं शरयूबाईंचं व्रत होतं.

“तुझा उपास सुटतो गं. पण मी हरवतोय, हे मला रोज नव्याने कळतं,” असं म्हणून त्यांनी वचन घेतलं होतं.

आज दिवेलागणीला ते दाराशी उभे राहून कडी वाजवू लागले. “बाई, मला घरी सोडता का? आई वाट बघत असेल.”

देवापुढे नैवेद्याची खडीसाखर होती, शेजारी गोळी. शरयूबाईंचा हात गोळीवर जरा थांबला. मग त्यांनी खडीसाखरेचा खडा उचलला आणि हाक न ऐकताच तोंडात टाकला.

“चला, सोडते.”

“लांब आहे हो. तुमचे यजमान रागावतील.”

“नाही रागावणार. त्यांनीच सांगितलंय.”

शरयूबाईंनी चपला घातल्या आणि हलकेच कडी काढली.