पुढचं परवा

आबांच्या सदऱ्याच्या वरच्या बटणात छोटा कॅमेरा होता; ते दिवसभर सगळं पाहायचं आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवायचं. आजारपणानंतर आबांच्या लक्षात काही राहीना, तेव्हा त्यांच्या मुलीने, शलाकाने, एक प्रोग्राम लिहिला. आबांनी विचारलं की तो कॅलेंडरच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या खिडकीतून, हवा तो दिवस काढायचा आणि बटण तो बोलून दाखवायचं.

आज चहा पिताना आबांनी विचारलं, "परवा काय आहे?"

"परवा तुम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेला होतात," बटण म्हणालं.

"अरे, ते होऊन गेलं! मी पुढचं परवा विचारतोय," आबा खेकसले.

शलाकाच्या हातातला कप तसाच राहिला. परवा म्हणजे उणे दोन दिवस, असं तिनेच लिहिलं होतं. आठ महिन्यांत आबांनी पुढचा दिवस एकदाही विचारला नव्हता.

तिने लॅपटॉप ओढला आणि एक ओळ वाढवली: 'आहे' म्हटलं, तर अधिक दोन.

आबांनी पुन्हा विचारलं.

"परवा काहीच नाही," बटण म्हणालं.

"काहीच नाही कसं? लिही, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. आणि शलाकाला आठवण कर, तिच्या लक्षात राहत नाही."