फळीवरची टकटक

उथळ पाण्यातल्या खडकांमधून शिडाची होडी काढायची, तर तळ ओळखता यायला हवा. तो मला ओळखता येतो, असं सगळे समजतात. खरं तर ते बायकोला जमायचं. ती पुढच्या टोकाला पालथी पडून पाण्यात बघत राहायची. वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून फळीवर टकटक करायची. एकदा वाजलं की डावीकडे, दोनदा वाजलं की उजवीकडे. मी मागे बसून नुसता सुकाणूचा दांडा फिरवायचो.

ती गेल्यावर काल पहिल्यांदाच होडी काढली. लेक हट्टानं बरोबर आली आणि माझ्याजवळ बसली.

"बाबा, आई पुढे जाऊन काय करायची हो?"

"काही नाही. ऊन खात पडायची."

बोलून गेलो आणि मान खाली गेली. तेवढ्यात पाण्याखाली काळे खडक दिसायला लागले, आणि पुढची फळी एकदा वाजली.

पुढे कुणीच नव्हतं. मी होडी डावीकडे वळवली. दोनदा वाजलं, उजवीकडे वळवली. असं करत साधा ओरखडाही न येता आम्ही खोल पाण्यात आलो.

"मानलं बाबा तुम्हाला," लेक म्हणाली. "डोळे मिटूनसुद्धा होडी काढाल तुम्ही!"

लाज वाटली, तरी मी हसलो.

मग फळी तीनदा वाजली. त्याचा अर्थ फक्त आम्हा नवराबायकोला ठाऊक होता. खडक संपले, आता तू पुढे ये.

मी हललो नाही. लेकीनं माझ्या हातातून दांडा काढून घेतला.

"जा ना बाबा," ती म्हणाली. "आई ऊन खायला बोलावतेय."